एक कॉइल विझते तेव्हा

संशयी : पंखा बिघडला की फिरत नाही. इस्तरी बिघडली की तापत नाही. बिघाड डोळ्यांसमोर असतो आणि माणूस ती वस्तू बाजूला ठेवतो. तुमच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा ॲटोमायझर मात्र बिघडला तरी वाफ देतच राहतो, आणि दोन कॉइलचा असेल तर हमखास. ओढणाऱ्याला झुरका मिळतो. कधी नेहमीपेक्षा कमी, कधी करपट. काहीतरी चुकलंय हे कळतं ते घशात गेल्यावर. ज्या वस्तूचा बिघाड घशाने ओळखायचा, ती दुरुस्त करायला लोकांना शिकवणं मला पटत नाही. फेकून द्या म्हणावं, आणि जमलं तर नवी घेऊच नका म्हणावं.

कारागीर : फेकून दिल्यावर पुढे काय होतं, ते मी पाहिलंय. मी इंग्लंडमध्ये राहतो. तिथे ही वस्तू कायदेशीर आहे आणि सिगारेट सुटावी म्हणून ती वापरणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. मी स्वतः बावीस वर्षं सिगारेट ओढली. ही वाफेची नळी हातात आल्यावर दोन महिने सुटली. मग एका रात्री अकराच्या सुमाराला नळी करपट मारायला लागली, वाफ निम्म्यावर आली. मी ती फेकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणलं. पुढचे पाच महिने रोज आणत होतो. आतली एक बारीकशी तार तुटली होती, एवढंच. हे मला नंतर कळलं आणि तेव्हापासून मी हे ॲटोमायझर उघडून बघायला लागलो. त्या रात्री कुणी मला दहा मिनिटं बसून समजावलं असतं, तर ते पाच महिने वाचले असते, असं मला आजही वाटतं.

आणि घसा हे एकच उपकरण आहे, हेही खरं नाही. आत काय असतं ते बघा. दोन बारीक स्प्रिंगा. तार शेगडीतल्या कॉइलच्या जातीची, निकेल-क्रोमियमची निक्रोम, नाहीतर लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची कँथल. प्रत्येक स्प्रिंगेतून कापसाची किंवा सिलिकाच्या धाग्याची वात जाते. समईची वात तेल ओढते तशी ही वात टाकीतलं लिक्विड ओढते, आणि कॉइल ते तापवून उडवते. दोन्ही कॉइल समांतर जोडलेल्या असतात. जुन्या दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ जायची, कारण ती एकसर होती. घरातल्या दिव्यांचं तसं नाही, स्वयंपाकघरातला गेला तरी बाहेरचा चालू राहतो. इथे तसंच आहे. तीन-तीन ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की एकत्र रोध भरतो दीड ओहम. एक तुटली की मीटर तीन दाखवतो. आकडा दुप्पट झाला की समजायचं, एक कॉइल विझली. मीटर काहीच दाखवत नसेल, तर दोन्ही तुटल्या असतील, किंवा तळाची मधली पिन आत दबून बॅटरीला टेकत नसेल. ही पिन दबते ती बहुतेक वेळा फार घट्ट पिळल्यामुळे. बॅटरी वेगळी काढायची आणि दात कोरायच्या लाकडी काडीने पिन हळूच वर घ्यायची. आकडा शून्याजवळ असेल, तर कॉइलचा पाय कुठेतरी धातूच्या भिंतीला टेकलाय. तो ॲटोमायझर बॅटरीवर अजिबात लावायचा नाही. आकडा नाचत असेल, तर पाय स्क्रूखाली सैल आहे. यातलं काहीही ओळखायला झुरका घ्यावा लागत नाही.

संशयी : मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे तुमचा हिशेब मला आवडला. पण तो मी पुढे नेते. बॅटरी 3.7 व्होल्टची धरू. तीन ओहमच्या दोन कॉइल असताना प्रत्येकीत साडेचार वॉटांहून थोडी जास्त शक्ती जाते, दोन्हींत मिळून नऊ. एक तुटली. उरलेलीवर व्होल्टेज तेवढंच, म्हणून तिच्यात तेवढेच साडेचार वॉट. ती जास्त तापत नाही, करपतही नाही. वाफ फक्त अर्धी होते. आता ओढणारा काय करतो? त्याला वाटतं बॅटरी उतरली असेल. तो व्होल्टेज वाढवतो, समजा 4.8 वर नेतो. त्या एकट्या कॉइलमध्ये आता 7.7 वॉट. आणि उपकरण वॉट धरून ठेवणारं असेल तर त्याला बटणालाही हात लावावा लागत नाही. नऊ वॉट सांगितले की ते नऊच देणार. दोघींत वाटून जायचे ते सगळे एकीवर येतात. माणसाने काही केलं नाही, यंत्राने आज्ञा पाळली, आणि वात जळली. तुमच्या त्या रात्री निम्मी वाफ आणि करपट वास एकाच वेळी आला, तो असाच आला असेल.

कारागीर : असाच. व्होल्टेज वाढवणारा मीच होतो.

संशयी : मग आणखी एक उदाहरण घ्या, याचं उत्तर तुमच्या मीटरजवळ नाही. एक कॉइल अडीच ओहमची आणि दुसरी पावणेचारची. हाताने गुंडाळताना एखादा वेढा कमी-जास्त झाला, किंवा कारखान्यातच तशी आली. समांतर रोध काढून बघा. बरोबर दीड ओहम येतो. मीटर म्हणतो सगळं ठीक. पण त्याच 3.7 व्होल्टला पहिलीत साडेपाच वॉट जातात आणि दुसरीत साडेतीनहून थोडे जास्त. एक दीडपट राबतेय, दुसरी अर्धवट तापतेय. एकीची वात कोरडी पडणार, दुसरीची लिक्विडने थबथबणार. बाहेरून एकच आकडा दिसतो आणि तो निर्दोष असतो. वर्गात मी मुलांना सांगते की समतुल्य रोध म्हणजे आतल्या सगळ्याची एका आकड्यात घातलेली बेरीज, आणि कुठल्याही बेरजेवरून आकडे उलटे काढता येत नाहीत. तुमचं निदान त्या बेरजेवरच उभं आहे.

कारागीर : हे मान्य करायला हवं. म्हणून मी दोन्ही कॉइल एकदम बसवून मोजत नाही. पहिली बसवतो, मोजतो, काढतो. दुसरी बसवतो, मोजतो. दोन्ही आकडे जुळले तरच एकत्र लावतो. त्यातही मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून आधी त्यांचा स्वतःचा रोध बघावा लागतो. साध्या मीटरमध्ये तो 0.2 किंवा 0.3 ओहम सहज निघतो. पंख्याच्या कॉइलला तेवढ्याने फरक पडत नाही, पण जिथे एकूण माप दीड ओहमचं आहे तिथे पडतो. ते वजा करायला विसरला की माणूस चांगली कॉइल फेकतो आणि वाईट ठेवतो.

संशयी : आणि जो तयार, सीलबंद कॉइल विकत घेतो तो काय करणार? दुकानात बहुतेक तोच येतो. त्याला आतली एकेक कॉइल मोजता येत नाही.

कारागीर : नाही येत. त्याला एकच आकडा मिळतो. तो डब्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, आणि फरक असेल तर परत करायची. तेवढंच त्याच्या हातात आहे.

पण बिघाड म्हटलं की लोक तारेकडे बघतात, आणि मी जे पाहिलं त्यात तार निर्दोष निघण्याचे प्रसंग जास्त. दोष वातीचा असतो. दोन कॉइल म्हणजे लिक्विड दुप्पट वेगाने उडतं, आणि वातीला तेवढंच आणून द्यावं लागतं. ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड काकवीसारखं दाट असतं. बारीक भोकांतून ते हळू येतं. माणूस एकामागून एक झुरके घेतो, वातीला भरायला वेळच मिळत नाही, कॉइल कोरड्या कापसावर तापते. नवी कॉइल बसवल्यावर पाच-दहा मिनिटं भिजू द्यायची असते. लोक लगेच ओढतात आणि पहिल्याच झुरक्यात कापूस जाळतात. एकदा जळलेला कापूस सुधारत नाही. कितीही लिक्विड घाला, वास जात नाही.

दुसरी गोष्ट हवेची. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, म्हणून आपण समोरच्या बाजूला दुसरं पाडतो. टाकीचंही तेच. लिक्विड बाहेर गेलं तेवढी हवा आत आली पाहिजे. बुडबुडे येताना दिसले नाहीत तर वात उपाशी आहे असं समजावं. उलट, खालचं रबराचं वॉशर चिरलं असेल तर हवा मोकळी येते, लिक्विड मधल्या नळीत भरतं आणि गुळगुळ आवाज येतो, तोंडात थेंब येतात. त्या थेंबांत निकोटीन असतं आणि ते त्वचेतूनही शोषलं जातं. म्हणून मी लोकांना सांगतो की गुळगुळ आवाजाकडे दुर्लक्ष करू नका, टाकी रिकामी करून वॉशर बदला, आणि हात धुवा. तिसरं म्हणजे साखरी चव. गोड लिक्विड तारेवर काळं कवच धरतं, दुधाचं पातेलं बुडाला लागतं तसं. मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो, पण चव करपते. तुमच्या असमान कॉइलसारखंच हेही मीटरला दिसत नाही.

संशयी : म्हणजे फिरून आपण घशावरच आलो. मीटर बरोबर आहे, तार बरोबर आहे, आणि शेवटी करपट चव हीच खूण. ती लागेपर्यंत काय आत गेलं, हा माझा प्रश्न आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र प्रसिद्ध केलं. 3.3 व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, 5 व्होल्टला सापडली. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. तुटलेल्या कॉइलची भरपाई म्हणून व्होल्टेज वाढवणारा माणूस याच दिशेने जातो.

कारागीर : त्या पत्राला उत्तरही आलं. ग्रीसमधले हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस यांनी त्याच वर्षी अनुभवी वापरकर्त्यांना घेऊन प्रयोग केला. आल्डिहाइडचं प्रमाण फार वर गेलं ते कोरड्या झुरक्यांत, आणि ते झुरके माणसांनी लगेच ओळखले. ते इतके कडू, इतके झोंबणारे असतात की कुणी ते ओढत बसत नाही. यंत्राला जीभ नसते, म्हणून प्रयोगशाळेतलं यंत्र ओढत राहतं. माणूस थांबतो.

संशयी : माणूस थांबतो हे पूर्ण कोरड्या झुरक्याचं खरं असेल. पण मघाशी आपण पाहिलं की एक कॉइल विझली तर आधी फक्त वाफ कमी होते. दोन कॉइल असमान असल्या तर एकीची करपट वाफ दुसरीच्या चांगल्या वाफेत मिसळून येते. दुधात थोडं पाणी घातलं तर पहिल्याच घोटाला कळत नाही, तसं. दोन कॉइलच्या रचनेचा दोष मला इथे दिसतो. एकच कॉइल असती तर ती बिघडल्यावर वाफ थांबली असती, किंवा चव उघड बिघडली असती. समांतर जोडणीने यंत्र चालू राहतं, आणि म्हणूनच बिघाड झाकला जातो. घरातल्या दिव्यांना ही जोडणी वरदान आहे. छातीत काही घेऊन जाणाऱ्या वस्तूला ती वरदान आहे असं मला वाटत नाही.

शिवाय जे जिभेला लागतच नाही त्याचं काय? जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2018 मध्ये मेरीलँडमधल्या 56 वापरकर्त्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या लिक्विडपेक्षा, कॉइलला लागून आलेल्या लिक्विडमध्ये आणि वाफेमध्ये शिसं, निकेल, क्रोमियम जास्त निघालं. शिशाला चव नसते. तिथे तुमचा मीटरही गप्प आणि जीभही गप्प.

कारागीर : याला माझ्याकडे उत्तर नाही. कॉइल वेळेवर बदला, लाल होईपर्यंत कोरडी तापवून स्वच्छ करू नका, इतकं मी सांगू शकतो. त्याने किती कमी होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुलना कशाशी, हे सोडू नका. मी जे सोडलं त्या सिगारेटच्या धुरात टार आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, आणि शिसं-कॅडमियमही आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये लिहिलं की वाफेची दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या हानीच्या 5 टक्क्यांवर जाण्याची शक्यता कमी आहे. 2019 मध्ये त्याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ब्रिटनमधली चाचणी आली, 886 माणसांची. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले, वाफेच्या गटात 18 टक्के. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे घेतलेल्यांत 9.9. हा जवळजवळ दुपटीचा फरक आहे. प्रत्येक नादुरुस्त ॲटोमायझर या 18 टक्क्यांतून एखाद्याला पाकिटाकडे परत ढकलू शकतो, म्हणून मी दुरुस्ती शिकवतो.

संशयी : त्याच चाचणीतला पुढचा आकडा तुम्ही वाचला नाहीत. सिगारेट सुटलेल्या त्या माणसांपैकी वाफेच्या गटातले 80 टक्के वर्षानंतरही वाफ ओढत होते. पट्ट्यावाल्या गटात उपचार चालू ठेवणारे 9 टक्के. पट्टी सुटते. नळी सुटत नाही. आणि मला शंका येते की ती न सुटण्यात तुमच्या या कौशल्याचाही वाटा आहे. तार निवडायची, वेढे मोजायचे, कापूस भरायचा. हाताला काम, डोक्याला कोडं. सिगारेट पेटवण्यात एवढं कसब कधी लागलं नव्हतं. माणूस ज्याच्यात कारागीर होतो, ते तो सोडतो का? तुम्ही किती वर्षं ओढताय?

कारागीर : सात.

संशयी : सोडायचा विचार?

कारागीर : करतो. निकोटीन अठरा मिलिग्रॅमवरून तीनवर आणलं. त्याखाली गेलो नाही. तुम्ही म्हणता ते माझ्या मनात कधी आलं नव्हतं असं नाही, पण इतक्या स्पष्ट शब्दांत आलं नव्हतं. रविवारी सकाळी टेबलावर तारा मांडून बसणं मला आवडतं. ते आवडणं निकोटीनचं किती आणि कामाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तुमच्या दीड ओहमसारखंच.

पण आता भारतातलं सांगतो. 18 सप्टेंबर 2019 ला वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळं बंद. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तरीही वस्तू मिळते, हे तुम्हीही जाणता. चोरून आलेल्या वस्तूची पावती नसते. डब्यावर दीड ओहम छापलंय आणि आत तीन निघाले तर परत कुणाला करणार? अमेरिकेत 2019 मध्ये वाफ ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 माणसं रुग्णालयात गेली किंवा दगावली, मृत्यू 68. संशयाची सुई थांबली ती मुख्यतः चोरट्या बाजारातल्या, गांजातलं टीएचसी असलेल्या काडतुसांवर आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. तपासणी नसलेल्या बाजारात असं होतं. बंदीने नळी गेली नाही, तिच्यामागचा जबाबदार माणूस गेला. बिडी आणि सिगारेट मात्र हक्काने मिळते.

संशयी : बिडी मिळते हे लाजिरवाणं आहे, पण म्हणून नळीही मिळू दे, हे मला मान्य नाही. आपल्याकडे तंबाखूचा मोठा भाग ओढला जात नाही, चघळला जातो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 28.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते आणि 21.4 टक्के बिनधुराची. गायछापवाल्याला तुमची नळी काय सोडवणार? ती जाईल माझ्या वर्गातल्या, कधीच काही न ओढलेल्या मुलाकडे, आंब्याच्या चवीत. ब्रिटननेसुद्धा 1 जून 2025 पासून एकदा वापरून टाकायच्या नळ्यांवर बंदी आणली, त्यात मुलांची काळजी हे एक कारण होतंच. म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे.

तरीही तुमच्या बोलण्यातली एक गोष्ट मी बरोबर नेणार आहे. युरोपच्या 2014 च्या तंबाखू निर्देशात अशी अट आहे की नेहमीच्या वापरात निकोटीनची मात्रा एकसारखी मिळाली पाहिजे. एक कॉइल विझली की मात्रा अर्धी होते आणि उपकरण काहीच बोलत नाही. जिथे ही वस्तू कायदेशीर आहे तिथे माझं मागणं एवढंच असेल : प्रत्येक कॉइलचा रोध वेगळा तपासा, आणि फरक पडला की उपकरणाने स्वतः बंद व्हावं. हे अवघड नाही, माझी बारावीची मुलंही असं सर्किट काढतील. ते होईपर्यंत तपासणीचा भार ओढणाऱ्यावर आहे, आणि तुमच्यासारखा एखादा सोडला तर तो भार घशावर आहे. तुमची दुरुस्ती त्या एकाला वाचवते. बाकीच्यांसाठी ती नाही.

कारागीर : बाकीच्यांसाठी नाही, हे खरं. पण तो एक मी होतो, आणि मला कुणी भेटलं नव्हतं. तुमचं सर्किट येईपर्यंत जो कोणी विचारायला येईल त्याला मी हेच सांगणार : आकडा दुप्पट दिसला तर व्होल्टेज वाढवू नका. करपट लागलं तर दुसरा झुरका घेऊन खात्री करू नका. जळलेला कापूस वाचवू नका. सिगारेट ओढत नसाल तर यातलं काहीही हातात घेऊ नका.

संशयी : आणि सिगारेट सुटून सात वर्षं झाली असतील तर?

कारागीर : या रविवारच्या तारा कापून ठेवल्यात. अजून बसवल्या नाहीत.